सुतळीचं दुसरं टोक

मी कशेळ्याची, मास्तर. कुंभाराची पोर. बाजाराच्या दिवशी आमच्या दारात मडक्यांची रांग लागायची आन डोंगरातल्या वाडीवरच्या बायका सकाळच्याला खाली उतरायच्या, डोईवर लाकडाची मोळी नायतर टोपलीत कंदमुळं, ती इकून झाली का मडकं बगायला आमच्याकडं. आन मडकं कसं घेतात ते तुमाला म्हायती हाय ना, बोटाच्या पेरानं वाजवून. खण्ण वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर कुटंतरी केसाएवढी चीर हाय. माज्या बापाला फसवून इकणं जमायचं नाय, म्हणून आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, उघडला का तो मला बसवायचा, एकेक मडकं वाजव आन बद्द असंल ते बाजूला ठेव. डोळ्याला चीर दिसायची नाय, पण कानाला बरोबर कळायची. बाप म्हणायचा, पोरीचा कान बरा हाय, सासरी उपेगाला येईल. पण सासरी तर मला चाकवाला नवरा नायच भेटला, तेच तर सांगतेय तुमाला.

लग्न पोशीरला झालं. घर कुंभाराचंच, पण आमचे हे चाकावर बसलेच नाय. नाव मी घेत नाय, तुमी लिवा पायजे तर. ते कर्जतला इंजिनाच्या शेडात कामाला व्हते. घाट चढायचा म्हणजे गाडीला मागनं दुसरं इंजिन लावायचं, त्या इंजिनांची तितं डागडुजी. ह्यांचं काम बायलरचं. एकानं आत शिरून खिळ्यामागं लोखंड धरायचं आन दुसऱ्यानं भाईरनं घण घालायचा, आन आतला मानूस म्हणजे आमचे हे. घंटा असती ना देवळाची, तिच्या आत डोकं घालून बसल्यावर कसं व्हईल, तसं रोज दिवसभर. मला काय, मी नवी नवरी, मला वाटायचं मोठं काम हाय.

मंग एकदा काय झालं, हे भाईर वट्यावर बसले व्हते, मी आतनं म्हणलं, जेवायला वाढलंय. उठले नाय. परत म्हणलं. उठले नाय. मला वाटलं रागावलेत. मी पण मंग तोंड फिरवून बसले. दोन-तीन दिवस आमचा असा रुसवा चालला, म्हणजे माजाच चालला, त्यांना बिचाऱ्यांना ठावंच नव्हतं का बायको रुसलीय. शेवटी मी रडाया लागले, तवा ते जवळ आले, माज्या तोंडाकडं बगत बसले आन म्हणले, तू बोलतेस ते दिसतं मला, पण ऐकू येत नाय गं. लई दिवस झालं. कुणाला सांगितलं नाय. काय सांगू मास्तर, मला माज्या रागाची लाजच वाटली. त्या दिवसापासनं मी त्यांच्याशी बोलायचं तर समोर येऊन बोलते.

शेडात कळलं तसं काम सुटलं. त्यांचंही खरं, ज्याला शिट्टी ऐकू येत नाय तो मानूस रुळाजवळ कसा ठेवायचा. पोशीरला परत जावं तर तितं मोठा दीर व्हता चाकावर. ह्यांनी माती तुडवली चार महिने. मडकं वाजवून घेणं ह्यांच्या हातात नाय, बाजारात गिऱ्हाइकाशी बोलणं हातात नाय, नुसती माती तुडवायची आन वाढलं का जेवायचं. सासू लई माया करायची, ताटात चांगला तुकडा ह्यांच्याच. पण हे वाळत चालले. मला दिसत व्हतं.

मंग खोपोलीला एका म्हाताऱ्या गोव्याच्या मेस्त्रीकडं कुणीतरी चिकटवून दिलं, पुसापुशीच्या कामाला. तो मोटारी नीट करायचा, फटफट्या करायचा. त्याला मराठी धड यायची नाय आन ह्यांना ऐकू यायचं नाय, म्हणून दोगांचं लई जमलं. सगळं हातानं दाखवायचं. तो म्हातारा एकदा ह्यांना म्हणला, म्हणजे बोटानं दाखवलं, का इंजिनाचं बाकीचं काम कानाचं हाय, पण ठिणगी डोळ्याला दिसती. तू ठिणगीचं काम धर. फटफटीला एक डबी असती, म्याग्नेट म्हणतात, ती फिरली का ठिणगी पडती आन ठिणगी पडली का फटफटी चालती. ती नाय पडली का चांगला घोडा असून नुसता ढकलायचा. हे त्यातच रमले. करंट बगायला तारेला बोट लावायचे. दुसऱ्या कुणाचा हात उडला असता, हे नुसतं हसायचे, म्हणायचे गुदगुल्या व्हतात. घण झेलून झेलून बोटांची कातडीच मेली व्हती ना. मेस्त्री म्हातारपणी आपल्या गावाला निघाला तवा हत्यारांची पेटी ह्यांच्या हातात देऊन गेला, आन आमी खालापूरला ह्या मुंबई-पुण्याच्या रस्त्याला, ह्या चिंचेखाली, हे छप्पर घातलं.

फटफट्या कुणाच्या यायच्या म्हणाल, तर सायबाच्या नव्या गाड्या आमच्याकडं कशाला येतील. लढाईतनं उरलेल्या, दोन-तीन हातांतनं फिरलेल्या जुन्या यायच्या. देवी टोचणारा यायचा, जंगलाच्या ठेक्याचा कारकून यायचा, ढोरांचे डाक्तर यायचे. डबी बिघडली का अस्सल सामान मुंबईला, ते मागवायचं तर माल येईस्तवर फटफटीवर कोंबडी अंडी घालतील. मंग हे आपलं काय असंल त्यातनं काढायचे. चोरबत्तीचा संपलेला सेल फोडला का आत काळी कांडी निघती, ती घासून बारीक केली का म्याग्नेटातल्या झिजलेल्या कोळशाच्या जागी बसती. मोडक्या घड्याळाची कमान कापून तिची बारीक पट्टी व्हती. सायकलची फुटकी टूब तारेवर चढवली का पावसात करंट गळत नाय. शिगरेटच्या पाकिटात चांदीसारखा कागद असतो ना, तो आन मेण पाजलेला कागद एकावर एक गुंडाळून पण काय करायचे, ते मला नीट नाय सांगता येणार, पण पाकिटं गोळा करायचं काम माजं. रस्त्यानं कुणी पाकीट टाकलं का मी उचलायची. गावात बोलबाला झाला का ही बाई शिगरेट वढती. वढती तर वढती म्हणलं, काम अडायला नको.

पण एक अडचण व्हतीच. ठिणगी दिसली, ती आत पाडणारा पलग बसवला, फटफटी चालू केली, आता ती चालतीय ती सरळ चालतीय का मदीच ठोका चुकतोय, हे कसं कळायचं. लोक म्हणतात हात ठेवून कळत नाय का. अहो सगळीच फटफटी थरथरती, त्यात ह्यांची बोटं मेलेली. मंग मी काय करायची, मागं उभी राहून ठोका चुकला का त्यांच्या पाठीवर टिचकी मारायची. चुकला का टिचकी, चुकला का टिचकी. हे डबीचा स्क्रू जरासा फिरवायचे, परत बगायचे. टिचक्या थांबल्या का काम झालं. असं आमचं दोगांचं मिळून एक मेस्त्री व्हायचा.

आता तुमीच सांगा, भर रस्त्यात, दिवसाढवळ्या, बायको नवऱ्याच्या पाठीला हात लावती म्हणजे काय. मोटारीतनं जाणारे बगायचे. पानी भरायला जाणाऱ्या बायका पदर तोंडाला लावायच्या. माजं मलाच मेल्यावानी व्हायचं. तवा ह्यांनीच तोड काढली. सुतळी घेतली लांबलचक, एक टोक आपल्या दंडाला बांधलं, दुसरं दारातनं आत माज्याकडं. मी दाराआड बसायची, भाकरी थापता थापता कान भाईर. ठोका चुकला का सुतळीला एक हिसका. आन मागनं मोटार येत असली का दोन जोराचे, म्हणजे कडंला व्हा. हे मातूर पयल्यापासनं ठरलेलं. कारण कामाच्या नादात हे फटफटी घेऊन रस्त्याच्या मदी जायचे आन मागं कितीबी भोंगा वाजवा, ह्यांना काय. माजा जीव त्या सुतळीला टांगलेला असायचा.

ही गोष्ट पोशीरला गेली ती कशी गेली बगा. कुणीतरी सासूला सांगितलं, तुज्या लेकाला सुनंनं दोरी बांधून ठेवलाय, बैलावानी राबवती. झालं. आत्याबाई तशीच गाडीत बसली, खोपोलीला उतरली आन भर उन्हात चालत खालापूरला आली. आली ती पयल्यांदा लेकाच्या दंडाकडं बगितलं. मी सगळं समजावून सांगितलं. ऐकून घेतलं तिनं, पण तिचं ध्यान रस्त्याकडं. एक मोटार गेली का दचकायची. दुसरी गेली का दचकायची. मंग मला म्हणली, दोरीचं जाऊं दे. पण हा रस्ता माज्या पोराचा जीव घेईल गं. मी न्यायला आलेय त्याला. तू पण चल. घरात काय कमी हाय का.

तिचं खोटं व्हतं का. माज्याच मनातली भीती ती तोंडानं बोलत व्हती. पण तितं परत माती तुडवत बसलेले हे माज्या डोळ्यांपुढं आले आन मी चुलीकडं वळले.

आन त्यातच माजी पाळी आली. आता लांब बसायचं, शिवाशीव नाय. आमच्यात हे कडक. एरवी त्या तीन दिवसांत हे काम घ्यायचेच नाय, गिऱ्हाइकाला सांगायचे नंतर या. कारण सुतळी मी धरली का तो इटाळ सुतळीतनं त्यांच्याकडं जाणारच की, असंच आमी धरून चाललो व्हतो. पण त्या दिवशी ढोरांचे डाक्तर आले. कळंबकडं जनावरं आजारी पडली व्हती आन त्यांची फटफटी चालता चालता गचके खायची. चांगला मानूस. थांबतो म्हणले. हे पण नाय म्हणले नाय, आई बगतीय ना, आईला दाखवायचं व्हतं का माजं काम काय हाय. सुतळी नेमापरमाणं दंडाला बांधली आन दुसरं टोक दारात नुसतं पडलेलं. आत्याबाई दारात बसलेली, हाताची घडी घालून. मी मागच्या पडवीत, तितनं मला दारातनं रस्ता दिसत व्हता.

फटफटी चालू झाली. मला हितनं ऐकू येत व्हतं, चार ठोके सरळ, पाचवा गचकलेला. हे मान वळवून दाराकडं बगायचे, सवयीनं, आन परत खाली. काय कळंना म्हणून फटफटी धरून मागं मागं सरकत रस्त्यावर आले, उजेडात ठिणगी बगायला. डाक्तर चिंचेच्या बुंध्याच्या पलीकडं बसलेले. आन मला घाटाकडनं लारीचा आवाज आला. भरलेली लारी, उतारानं येतीय, भोंगा वाजवतीय. मी वरडले, आत्याबाई, सुतळी. आत्याबाई, वढ. ती लेकाला हाका मारतीय, बाळा, बाळा म्हणून, त्याला ऐकू येत नाय हे येवढे दिवस ठावं असून हाका मारतीय. मी परत वरडले, वढ. तवा तिनं ते टोक उचललं आन दोन्ही हातांनी असं वढलं का हे फटफटी सोडून दाराकडंच पडले. फटफटी आडवी झाली. लारी तिच्या अंगावरनं नाय, बाजूनं गेली, धुरळा सगळा दारात.

डाक्तर धावत आले. ह्यांचं कोपर सोललं व्हतं, बाकी काय नाय. आत्याबाई तितंच बसली, सुतळी मुठीत घट्ट. मला जवळ जाता येत नाय. मी आपली पडवीत रडतेय.

मंग आत्याबाई म्हणली, चल. आताच्या आता चल घरी. हातानं पण दाखवलं, पोशीरकडं. ह्यांनी तिच्या पुढ्यात बसकण मारली. ह्यांना आपला आवाज ऐकू येत नाय म्हणून ते मोठ्यानं बोलतात, म्हणून मला पडवीत सगळं ऐकू आलं. म्हणले, आये, येतो मी. तू म्हणशील तर आज येतो. तितं मला कुणी मोटार उडवणार नाय. पण तितं मी मानूस नाय गं, तितं मी नुसता तुजा भयरा पोरगा हाय. हितं मला मेस्त्री म्हणतात.

डाक्तरांनी फटफटी उचलून उभी केली, आन बगावं चालतीय का म्हणून चालू केली. परत तेच, चार सरळ, पाचवा गचकलेला. आन काय सांगू तुमाला, आत्याबाईची मूठ हलली. ती जन्माची कुंभारीण, हजारो मडकी वाजवलेली, तिला काय कोन शिकवणार. गचका आला का हिसका. गचका आला का हिसका. हे उठले, डबीपाशी गेले, स्क्रू फिरवला. हिसका. आणिक फिरवला. हिसका. मंग पलग काढून बगाया लागले तर आत्याबाई म्हणली, ते पांढरं काय हाय, दे हिकडं. हातात घेतलं, म्हणली, ही तर भाजलेली माती हाय. नखानं वाजवून बगितली. बद्द. चीर हाय ह्याला, म्हणली. पेटीत जुना एक पलग व्हता, तो वाजवला, खण्ण वाजला, तो बसवला. मंग सुतळी हललीच नाय. डाक्तर हात जोडून कळंबला गेले.

सांजच्याला आत्याबाई पडवीच्या दाराशी आली, माज्यापासनं लांब उभी राहिली, पदर सावरला, आन म्हणली, ऐक गं. तुजे हे दिवस आले का सुतळी माजी. दर महिन्याला मी येईन. तेवढ्यासाठी त्याचं काम बंद राहायला नको. एवढंच म्हणली. मला तिच्या पाया पडायचं व्हतं आन पडता येत नव्हतं. मी जमिनीलाच डोकं टेकलं.

तशी ती येत राहिली. महिन्याच्या महिन्याला, गाडीनं, पिशवीत ह्यांच्यासाठी तांदळाचं काय काय घेऊन. मंग मंग तीन दिवसांचे आठ व्हायला लागले, आन एकदा आली ती गेलीच नाय. आमाला पोरबाळ झालं नाय, ते राहूनच गेलं, तर घरात मानूस म्हणजे तीच. आमी दोगी दाराआड बसायचो, मी भाकरी थापायची आन ती सुतळी धरायची. लोक म्हणायचे, आता त्याला दोगींनी बांधलाय. आत्याबाई म्हणायची, तुला कुणी बांधत नाय म्हणून जळतोस काय.

आन तिनं एक नवीनच खूण काढली. मोटार नाय, ठोका नाय, जेवण नाय, काय नाय, उगाच हळूच वढायची. पयल्यांदा हे धावत आले, काय झालं म्हणून. ती म्हणली काय नाय, जा. मंग त्यांना समजलं. तवापासनं तिनं तसं हळूच वढलं का हे मान न वळवता नुसता हात वर करायचे, का हाय हितं. ती बगायची आन समाधानानं परत तांदूळ निवडायला लागायची. दिवसातनं कितीदा करायची ते देव जाणे. मला कदी कदी हसू यायचं, कदी कदी तिचा हेवा वाटायचा, खोटं कशाला सांगू.

गेल्या साली ती पडली ती उठली नाय. अंथरूण दाराशीच घातलं. डोळे पण गेले व्हते, मी सांगायची, केला हात वर, आत्याबाई, आन ती हुंकार द्यायची. एका दुपारी मनगटाला सुतळी बांधलेली, पण वढायला जीवच राहिला नाय हातात. मी त्या दिवसात लांब बसलेली, पडवीत. मला म्हणली, ये हिकडं. मी म्हणलं, आत्याबाई, मी लांब हाय. म्हणली, म्हायती हाय मला. ये. धर. त्याला वाटंल म्हातारी इसरली. मी उंबऱ्यावर उभी, पाय पुढं पडंना. तवा ती म्हणली, अगं, मायेच्या दोरीला कसला इटाळ. धर तू. माज्या जलमात तिच्या तोंडनं असं ऐकंन असं मला वाटलं नव्हतं. मी जवळ गेले, तिचा हात माज्या हातात घेतला आन दोगींनी मिळून हळूच वढली. भाईर हात वर झाला. केला, म्हणलं. मूठ तिची ढिली पडली. तिनं हुंकार दिला नाय.

मी सुतळी परत वढली नाय. काय म्हणून वढू, मानूस गेलं त्याला खूणच ठरली नव्हती आमची. उठले, भाईर गेले, समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी माज्या तोंडाकडं बगितलं आन हातातला पाना खाली ठेवला.

आता चालूच हाय सगळं, मास्तर. फटफट्या वाढल्यात, मोटारी तर इचारू नका. मी आता कुठला दिवस मोजत नाय, महिन्याचे तिसी दिवस सुतळी माज्याकडं. गावात एक-दोगी बोलल्या, मी म्हणलं, सासूनं सांगितलंय, तिला जाऊन इचारा. ह्यांचे केस पिकले, मी पण थकले. पण काम हाय, दोन येळची भाकरी हाय, आन येणारा जाणारा त्यांना मेस्त्री म्हणतो. आणिक काय मागायचं असतं मानसानं, तुमी शिकलेले, तुमी सांगा.

आता मीच उगाच वढते. तुमी बसलाय तेवढ्यात दोनदा वढली मी, तुमच्या ध्यानात नसंल आलं. बगा तिकडं. हां. केला ना हात वर?